नऊ नंबर

खून सातव्या मिनिटाला होतो.
धुकं, ओला दगडी रस्ता, एकच दिवा,
दिव्याखालून येणारी पावलं.
शेजारचे पटेल म्हणाले, भोईटेकाका, इंग्रजी पिक्चर आहे,
घाबरू नका हं.
मी घाबरलो नव्हतो.
मी पावलं ओळखत होतो.

दांडिया बझारात माझं बुटाचपलांचं दुकान.
आत गादी, खोक्यांची भिंत, आणि मधे
अडीच हात मोकळी जागा, तिला आम्ही रस्ता म्हणायचो.
गिऱ्हाइकाने पाय घातला की मी म्हणायचो, चालीने जुओ ने,
मग ते तीन पावलं जायचे, तीन पावलं यायचे,
खाली मान घालून, परीक्षा दिल्यासारखे.
निरंजन माळ्यावर गणितं सोडवत बसलेला.
त्याला वरून काही दिसायचं नाही.
तरी ओरडायचा : सात नंबर. डावा चावतोय. घेणार नाहीत.
आणि घ्यायचे नाहीत.
किती गिऱ्हाइकं तोडली त्या पोराने.

आता लंडनजवळच्या कुठल्याशा तळघरात
तो पडद्यासमोर उभा राहतो
आणि दुसऱ्यांचं चालणं चालतो.
शूटिंगमध्ये पावलं नीट ऐकू येत नाहीत म्हणे,
नट चालून घरी जातो,
आवाज महिन्यांनी भरतात.
जमिनीचे चौकोन आखलेत त्याला : खडी, फरशी, लाकूड, चिखल.
हे त्याने फोनवर सांगितलं तेव्हा
मी विचारलं, पगार किती,
आणि दिवसभर उभं राहून पाय सुजत नाहीत का.

खुनी सहा फुटांच्या वर. निळे डोळे, कातडी हातमोजे.
टाचेला लोखंडी नाल,
ती मला तो दिसण्याआधी कळली.
जिना चढताना तिसऱ्या पायरीवर
तो अर्धा श्वास थांबतो.
पटेलांनी उशी पोटाशी धरली.
आमच्या माळ्याची तिसरी पायरी
कायमची फुटकी होती.

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला,
बूट बाहेर काढ म्हणावं.
मग भांडीही वाजायची थांबली.

पळणाऱ्या बाईच्या उंच टाचा,
त्याही त्याच्याच.
मागाहून आलेल्या जाड्या इन्स्पेक्टरचा
बाहेरून झिजलेला रबरी तळ,
तोही.
मारणारा, मरणारी, शोधणारा,
सगळ्यांच्या खाली एकच पोरगा,
नऊ नंबर, पंजा रुंद.
बाईची पावलं थांबली तेव्हा मात्र
माझ्या पोटात गोळा आला. उगाच.

शेवटी नावं.
दिवेवाले, दोरवाले, धुकं सोडणारे दोघे,
एक बाई फक्त रक्तासाठी,
कुत्रा सांभाळणारा,
चहापाणी पाहणारे, गाड्या चालवणारे,
कुणाच्या आईबापांनी ठेवलेली एवढी नावं,
आणि तेवढ्यात टीव्हीने ती सगळी गोळा करून
कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी केली.
पुढचा पिक्चर दहा सेकंदांत. नऊ. आठ.
पटेल रिमोट शोधत होते.
मी उठलो, तीन पावलं गेलो,
नाक काचेला टेकवलं.
मुंग्या वर चढत होत्या.
आमची कुठली ते कळलं नाही.

रात्री त्याचा फोन आला. मी खोलीत फेऱ्या घालत बोलत होतो.
पाहिला, म्हटलं. छान आहे. अंधार फार.
नाव दिसलं का?
दिसलं, म्हटलं.
तो थोडा गप्प राहिला. मग म्हणाला,
बाबा, उजव्या पायावर भार टाकत नाही तुम्ही.
कधीपासून?

चप्पल सैल झालीय, म्हणालो,
आणि पलंगावर बसलो,
दोन्ही पाय वर उचलून,
जमिनीपासून लांब.